खंडेनवमीला टाकीत कोण होतं?

मधूमामा खंडेनवमीच्या दुपारी तीन वेळा मेले.

आता हे विसरून जा. असं काही घडलेलं नाही.

घरात तसं एकमतानं ठरलेलं आहे. मालिनीमामी सांगतात, ऊन लागलं. शेजारी सांगतात, पुरणपोळी जास्त झाली. मामा स्वतः सांगतात की जरा डोळा लागला होता. एका दुपारी तीनदा डोळा लागला आणि तिन्ही वेळा नाडीही लागेना, एवढाच काय तो फरक.

तरीही घटना खरी आहे. खोटं सांगायचंच असतं तर रात्र घेतली असती, वडाचं झाड घेतलं असतं. इथं दोन्ही नाही. भोरच्या जवळचं उत्रोली, रस्त्याकडेची पत्र्याची वेल्डिंगची शेड, गेल्या वर्षीची खंडेनवमी आणि दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. बाहेर लख्ख ऊन होतं. भाताला लोंब्या आल्या होत्या. रस्त्यावरून एक एसटी गेली. तिच्यात माणसं होती आणि दिसायला सगळी जिवंत होती.

शेड इंद्रजितची. मधूमामा म्हणजे त्याच्या आईचे थोरले भाऊ. आयटीआय झाल्यावर तो त्यांच्याच हाताखाली शिकला आणि पुढं शेड त्याच्या नावावर झाली. भोरपासून वेल्ह्यापर्यंत ज्या गेटला गाडी धडकली तर गेट राहतं आणि गाडी मोडते, ते गेट मधूमामांचं समजावं.

पण त्याच वर्षीच्या चैत्रात मामांचं हृदय मधूनमधून सुट्टी घ्यायला लागलं. पुण्याला नेऊन छातीत डावीकडं पेसमेकर बसवला. काडेपेटीपेक्षा लहान यंत्र. हृदय चुकलं की ते आतून टिचकी मारतं. मामा म्हणायचे की जन्मभर मी पोरांना टिचक्या मारून कामाला लावलं, आता त्याची फेड चाललीय.

दवाखान्यात हे यंत्र तपासायला नीरजा मॅडम असतात. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, धंदा काय? वेल्डिंग म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी सांगितलं ते असं. वेल्डिंगची ठिणगी पडते तेव्हा आजूबाजूला विजेचा गोंगाट होतो. तो पेसमेकरला ऐकू जातो. त्या गोंगाटात यंत्राला वाटतं, हृदय स्वतःच धडधडतंय. मग ते गप्प बसतं. आणि मामांचं हृदय तर त्याच्याच टिचकीवर चाललेलं. म्हणजे दोघंही एकमेकांच्या भरवशावर गप्प.

मामांना वेल्डिंग कायमचं बंद झालं. दुसरा कुणी करणार असेल तर मामांनी लांब बसायचं, आणि करणाऱ्यानंही चार गोष्टी पाळायच्या. अर्थिंगचा क्लॅम्प, म्हणजे चिमटा, जिथं काम चाललंय तिथंच जवळ लावायचा. रॉड धरणाऱ्या होल्डरची केबल आणि अर्थिंगची केबल एकमेकींना चिकटून न्यायच्या. उरलेल्या केबलचं वेटोळं अंगाभोवती ठेवायचं नाही. आणि वेल्डिंगचा एक टाका मारला की दहा सेकंद थांबून मगच दुसरा.

इंद्रजितनं हे मामांना त्यांच्या भाषेत समजावलं. जाणारी केबल आणि येणारी केबल म्हणजे नवरा-बायको. जोडीनं चालली तर एकमेकांचा आवाज दाबून टाकतात. एक इकडून, एक तिकडून गेली की सगळ्या गावाला ऐकू येतं.

मामी म्हणाल्या, उदाहरण बरोबर आहे.

इंद्रजितला तेव्हापासून चैन पडेना. त्याला एका जागी बसवेना. त्यानं नियमांची पाटी रंगवली. शेडच्या फरशीवर लाल रेडऑक्साईडचा पट्टा मारला, ठिणगीपासून चांगला पंधरा फूट लांब. मामांची खुर्ची पट्ट्याच्या पलीकडं. शिवाय खुर्चीशेजारी त्यानं सेलवरचा जुना रेडिओ ठेवला. वेल्डिंग सुरू झालं की रेडिओ खरखरतो, हे शेडमधल्या कुणालाही माहीत असतं. जितकी खरखर जास्त, तितका गोंगाट मामांच्या जवळ. हे काही डॉक्टरी मोजमाप नव्हे, असं नीरजा मॅडमनी बजावलं होतं. तरी रेडिओ राहिला. दिवसभर बातम्या लागत, भजन लागे, भातावरच्या तुडतुड्यांची माहिती लागे. इंद्रजित वाकून काम करी आणि त्याचे कान मात्र रेडिओला.

मामांनी सरळ घरी बसायचं, तर हा सगळा खटाटोप कशाला?

तर चिमाजीमुळं.

चिमाजी हिर्डोशीचा. मामांचा जोडीदार. दोघांनी मिळून ही शेड उभी केली. सात वर्षांपूर्वी एका पाण्याच्या टँकरची टाकी दुरुस्तीला आली होती. चिमाजी वरच्या तोंडातून आत उतरला. उन्हाळा, बंद टाकी, अंगाला घामाच्या धारा. हातमोजेसुद्धा पिळून काढावेत इतके ओले. वेल्डिंगच्या करंटनं नुसत्या झिणझिण्या येतात, माणूस मरत नाही, असं तेव्हा दोघंही छातीठोक सांगत.

टाकीतल्या कामाची त्यांची एक रीत होती. आतला माणूस टाका मारण्याआधी हातोडीनं दोनदा ठोकणार. टक्, टक्. म्हणजे, आहेस का? बाहेरचा माणूस मेन स्विचशेजारी बसलेला. तो उलट दोनदा ठोकणार. म्हणजे, आहे. उत्तर आलं नाही तर आतल्यानं हात थांबवायचा आणि वर यायचं.

मामा चहाला गेले होते. पाच मिनिटांसाठी.

आत चिमाजी ओल्या हातानं रॉड बदलत होता. करंटनं त्याला धरलं, स्विच बंद करायला बाहेर कुणी नव्हतं आणि तो टाकीतच गेला.

तो किती वेळा ठोकत राहिला, हे कुणाला माहीत नाही. मामांनी त्या दिवसापासून चहा सोडला. आणि शेडमध्ये कुणी काम करत असताना त्याला एकट्याला सोडणं तर पार सोडलं. छातीत यंत्र बसलं तरी ते खुर्चीवर येऊन बसत. हात बांधलेले, डोळे काळ्या चष्म्याआड, नजर मेन स्विचवर.

अशी खंडेनवमी आली.

त्या दिवशी हत्यारांना सुट्टी असते, हे वेगळं सांगायला नको. सकाळी इंद्रजितनं मशीन पुसलं. केबली गुंडाळून वर झेंडूची माळ घातली. होल्डर, क्लॅम्प, हातोड्या, ग्राइंडर, हातमोजे, सगळं पाटावर मांडलं. हळदकुंकू वाहिलं. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. मामींचा हा नियम आणि त्याला अपवाद नाही.

इंद्रजितनं तर मेन स्विच पाडून आतले तिन्ही फ्यूज काढले आणि तेही पूजेच्या ताटात ठेवले. फ्यूजला कुंकू लावणारा तालुक्यात तो एकटाच असावा.

म्हणजे शेडमध्ये वीज नव्हती. हे नीट लक्षात घ्या.

फक्त एक गोष्ट होती. वेल्ह्याकडच्या एका माणसाच्या टँकरची टाकी आदल्या संध्याकाळी येऊन पडली होती. पाणी हिंदकळू नये म्हणून असलेली आतली पडदी सुटली होती आणि बुडाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडून पाणी गळत होतं. काम दसऱ्यानंतर करायचं ठरलं. टाकी शेडच्या मधोमध, एक टोक दाराजवळ येईल अशी, लोखंडी घोड्यांवर ठेवलेली. टाकीलाही मामींनी कुंकू लावलं. आलीय तर आलीय.

दुपारी सगळे मागच्या घरात जेवायला निघाले. मामा उठेनात.

मामींनी विचारलं, "आज कुणी कामाला न्हाई. कुणापाशी बसताय?"

"बसतो जरा," मामा म्हणाले.

त्यांची नजर मेन स्विचवर नव्हती.

टाकीवर होती…

इंद्रजितनं दुसरी पोळी तशीच ठेवली. का ते त्यालाही सांगता येईना. त्यानं मामांचं ताट वाढून घेतलं, वर दुसरं ताट झाकलं आणि शेडकडं निघाला.

शेडपासून वीस पावलांवर असताना त्याला रेडिओ ऐकू आला.

भजन चाललं होतं.

भजनाच्या मध्येच… खर्रर्र.

मग भजन.

मग पुन्हा… खर्रर्र.

त्याला पहिल्यांदा राग आला. आज सणासुदीला कोण वेल्डिंग करतंय? त्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. ओळीतल्या तिन्ही शेड बंद. शटरला माळा. एक कुत्रं सावलीत झोपलेलं. ते वेल्डिंग करत नव्हतं.

आत आला तर मामांची खुर्ची जागेवर नव्हती.

खुर्ची लाल पट्ट्याच्या अलीकडं होती. टाकीपासून हातभर अंतरावर. पाठ शेडच्या दारालगतच्या लोखंडी खांबाला टेकलेली. रेडिओ मामांच्या मांडीवर.

शेडमध्ये रॉड जळाल्याचा वास होता.

"मामा, हे काय? पलीकडं सरका," इंद्रजित म्हणाला.

मामांनी ओठांवर बोट ठेवलं.

आणि टाकीच्या आतून आवाज आला…

टक्. टक्.

इंद्रजितच्या हातातलं वरचं ताट सरकून खाली पडलं. ते गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं आणि मग शांत झालं.

मामांनी हात उचलला. बोटातल्या अंगठीनं खुर्चीच्या लोखंडी दांडीवर ठोकलं.

टक्. टक्.

रेडिओ खरखरला. भजन पार बुडून गेलं. टाकीच्या बुडाजवळच्या त्या भोकातून निळापांढरा उजेड आला. एवढासा. दाण्याएवढा. तो बरोबर मामांच्या सदऱ्याच्या डाव्या खिशावर पडला.

मामांची मान छातीवर आली.

इंद्रजित धावला. मनगट धरलं. नाडी नाही. मानेला बोट लावलं. काही नाही.

मग उजेड विझला. खरखर थांबली. भजन परत आलं.

मामांनी श्वास ओढला. डोळे उघडले.

"आलास व्हय?" ते म्हणाले. "जेवलास का?"

हे पहिलं मरण. पुढची दोन सांगायच्या आधी एक सांगायला हवं. इंद्रजित पळून गेला नाही. तो शूर होता म्हणून नव्हे. मामा नव्वद किलोचे आहेत आणि त्यांना सोडून पळणं बरं दिसत नाही.

त्यानं पूजेच्या ताटाकडं पाहिलं. तिन्ही फ्यूज तिथंच. कुंकवासकट.

त्यानं मशीनकडं पाहिलं. माळ घातलेल्या केबलचं वेटोळं जाग्यावर नव्हतं…

एक केबल फरशीवरून सरळ टाकीच्या वरच्या तोंडात गेली होती. तिच्यावर झेंडूची फुलं तशीच होती. जणू कुणी माळेसकट ओढून नेली होती. आणि दुसरी, अर्थिंगची केबल, उलट्या बाजूनं शेडला वळसा घालून आली होती. तिचा क्लॅम्प दारालगतच्या खांबाला लावलेला.

त्याच खांबाला, ज्याला मामांची खुर्ची टेकली होती.

इंद्रजितनं कपाळाला हात लावला. शेडमधली जुनी खोड ही. कशाला वाकून कामाजवळ जायचं, हाताशी असेल त्या खांबाला क्लॅम्प लावायचा. लोखंड ते लोखंड, सगळं एकच. चिमाजी जन्मभर असाच लावायचा. क्लॅम्प कुठंही लावला तरी टाका बसतो. पण आता सगळा करंट टाकीतून घोड्यांत, घोड्यांतून शेडच्या सांगाड्यात आणि सांगाड्यातून फिरून खांबात येत होता. अख्खी शेडच वायर झाली होती. आणि तिच्या मधोमध मामा.

टक्. टक्.

"मामा, उत्तर देऊ नका."

मामांचं बोट आधीच हललं होतं.

खर्रर्र.

दुसऱ्यांदा मान खाली. दुसऱ्यांदा नाडी नाही. यावेळी उजेड जास्त वेळ राहिला. इंद्रजितनं सवयीनं डोळ्यांवर हात घेतला आणि आकडे मोजत राहिला. सहा… सात… आठ…

भजन परत आलं. मामांनी खोकून श्वास घेतला.

त्यानं खुर्चीच्या पाठीला धरून त्यांना दाराकडं ओढायला सुरुवात केली. खुर्ची मामांनीच बनवलेली. जाड अँगल, खाली चार पट्ट्या, शंभर वर्षं टिकावी अशी. मामांच्या कामाचा दर्जा त्याला पहिल्यांदाच नकोसा झाला. खुर्ची वीतभर सरकली. दार खांबाच्या अगदी लगत. दाराकडं जावं तसा रेडिओ जास्त ओरडायला लागला.

मधेच मामांच्या हातानं पुन्हा ठोकलं. मामांचे डोळे मिटलेले होते. शुद्ध नव्हती.

बोट मात्र ठोकत होतं…

तिसरं मरण लांबलं. ओठ निळसर झाले. खरखर थांबे, लगेच पुन्हा सुरू होई. तुटक तुटक, घाईघाईनं, एकामागून एक टाके. मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. आतला माणूस कामाच्या तंद्रीत होता.

इंद्रजितला कळलं की ओढून उपयोग नाही. गोंगाटच कमी करायला हवा.

त्याचा हात क्लॅम्पकडं गेला आणि थांबला. पूजा झालेली. दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. तेवढ्यातही त्याला मामींचा चेहरा दिसला.

मग त्यानं पाटावरचे हातमोजे घातले. कुंकवानं लाल झालेले, पण कोरडे. भूत असो, नसो, कोरडे हातमोजे हे कोरडे हातमोजे. खरखर क्षणभर थांबली तेवढ्यात त्यानं खांबावरचा क्लॅम्प ओढून काढला. केबल उलट्या वळशानं परत आणली. ती दुसऱ्या केबलला चिकटवून, झेंडूच्या फुलांवरूनच, टाकीपर्यंत नेली. क्लॅम्प टाकीच्या अंगालाच लावला, जिथून आवाज येत होता तिथून वीतभर अंतरावर.

आणि शेडमध्ये शुद्धीवर दुसरं कुणीही नसताना तो मोठ्यानं म्हणाला, "दहा सेकंद थांबा. एक टाका मारला की दहा सेकंद. मामांच्या छातीत यंत्र आहे."

शांतता.

रेडिओवर भजन संपलं. तुडतुड्यांचा बंदोबस्त सुरू झाला. शेतकरी बंधूंनी बांध स्वच्छ ठेवावेत, असं एक बाई सांगत होत्या.

इंद्रजित मनात मोजत होता. आठ… नऊ… दहा…

खर्र.

एवढंच. बारीक. दूर कुठं कागद चुरगळल्यासारखं. बाईंचा आवाज स्पष्ट ऐकू येत राहिला.

मग पुन्हा शांतता. मोजून दहा सेकंद.

ऐकलं होतं. कुणीतरी ऐकलं होतं.

इंद्रजितला आजवर कुणाही कारागिरानं इतक्या लगेच ऐकलं नव्हतं. म्हणूनच त्याच्या अंगावर काटा आला.

खुर्ची सोडून त्यानं मामांना काखेत धरलं आणि बाहेर ओढत नेलं. ओट्यावर सावलीत आडवं केलं. छाती वरखाली होत होती. नाडी लागत होती, संथ, एकसारखी. त्यानं हाका मारल्या. मामी पदर सावरत धावत आल्या. पाठोपाठ शेजारचा मंदार आला. तो गाडी काढायला पळाला. भोरला न्यायचं ठरलं.

तेवढ्यात आतून…

टक्. टक्.

मामांचा हात हलला. पण ओटा शेणानं सारवलेला होता. मातीवर अंगठी वाजली नाही.

टक्. टक्.

आता जरा जोरात.

मामींनी ऐकलं. त्या इंद्रजितकडं बघायला लागल्या. त्याच्या हातातले पूजेचे हातमोजे त्यांना दिसले. त्या रागावल्या नाहीत. त्या रागावल्या नाहीत याची त्याला जास्त भीती वाटली.

टक् टक्. टक् टक्. टक् टक्.

"उत्तर दे त्याला," मामा म्हणाले.

"तुम्ही गप पडा आधी," इंद्रजित म्हणाला.

"आत भट्टीगत तापतंय त्याला. हात वले झाल्याती." मामा कोपरावर उठायला लागले. "मी त्या दिवशी च्याला गेलो हुतो, इंद्रा. तो असाच ठोकत हुता. तू देतोस का मी जाऊ?"

मामींनी त्यांना खांद्याला धरून खाली दाबलं. मामा ऐकेनात. एवढं होऊनही पाय जमिनीला टेकवून ते आत निघाले होते. चौथ्यांदा परत येतील, याची खात्री कोण देणार?

इंद्रजित आत गेला.

लाल पट्ट्याच्या पलीकडं, मेन स्विचशेजारी, जमिनीवर बसला. पाटावरची हातोडी उचलली. तिलाही कुंकू होतं. लोखंडी पट्टीवर दोनदा ठोकलं.

टक्. टक्.

आतलं घाईचं ठोकणं तिथंच थांबलं.

त्यानंतर जे झालं ते फार साधं होतं. गाडी मामांना घेऊन भोरला गेली. शेडमध्ये तो आणि ती टाकी. आतून दोन टकटक. बाहेरून दोन. बारीक खर्र. मोजून दहा सेकंद. पुन्हा दोन टकटक. त्या मेन स्विचमध्ये फ्यूज नव्हते आणि तो त्याच्या दांडीवर हात ठेवून बसला होता. वेळ पडली तर पाडायला. जो आधीच पाडलेला होता तो.

पाच वाजता ठोकणं थांबलं.

त्यानं आणखी अर्धा तास वाट पाहिली. टाकीत डोकावून बघायचा धीर झाला नाही.

दसऱ्याच्या सकाळी त्यानं आणि मंदारनं बॅटरी मारून आत पाहिलं. सुटलेली पडदी कडेनं पूर्ण जोडलेली होती. टाका असा सरळ की रेघ मारावी. बुडाजवळचं भोक बुजलेलं. शेजारी रॉडची तीन थुटकं पडली होती, ओळीनं, डोक्याला डोकं लावून. चिमाजी थुटकं अशीच ठेवायचा.

मंदारनं विचारलं, "कधी केलंस रे?"

"काल," इंद्रजित म्हणाला. दुसरं काय सांगणार?

टाकीचा मालक येऊन घेऊन गेला. अजून एक थेंब गळलेला नाही. तो जाईल तिथं इंद्रजितच्या कामाचं कौतुक करतो आणि इंद्रजितला झोप लागत नाही.

पंधरा दिवसांनी मामांना घेऊन तो पुण्याला गेला. पेसमेकर आपली नोंद आपणच ठेवतो. कधी काय ऐकलं, कधी गप्प बसलो, सगळं. नीरजा मॅडमनी छातीवर एक चकती ठेवली आणि पडद्यावर बघत राहिल्या.

खंडेनवमीची तारीख. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांपासून. तीनदा. बाहेरचा जोराचा गोंगाट, यंत्र गप्प. त्यानंतर एकदाच बारीक गोंगाट, यंत्र चालूच, आणि पुढं काही नाही.

"वेल्डिंग केलंत का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," मामा म्हणाले. "खंडेनवमी हुती."

"मग शेजारी कुणीतरी करत होतं. अगदी जवळ. पण नंतर त्यानं नीट केलेलं दिसतंय." त्यांनी चष्मा वर केला. "जो कोणी असेल त्याला एवढंच सांगा, कायम असंच करत जा."

"सांगतो," इंद्रजित म्हणाला.

येताना वाटेत किकवीला मामा म्हणाले, "लई गुणाचा कारागीर हुता."

इथं संपायला हवं होतं. संपलेलं नाही.

इंद्रजितनं टाक्यांची कामं घेणं बंद केलं. तर दिवाळीनंतर शेडमागं पालथ्या पडलेल्या डिझेलच्या रिकाम्या पिंपातून टकटक आली. भर दुपारी. पिंप भंगारात दिलं. मग एका गावच्या पाणी योजनेचा जाड पाइप आला, त्याच्यातून आली. जिथं आत पोकळ असेल, तिथं. दर वेळी मामा घरातून उठून चालायला लागतात. मामींनी त्यांच्या चपला लपवल्या, तर अनवाणी. बोटातली अंगठी काढून ठेवली, तर नखानं ठोकतात. दर वेळी त्यांच्या आधी पोचून कुणीतरी उत्तर द्यायला लागतं. आणि इंद्रजितला बाहेरची कामं असतात. एकदा तो वेल्ह्याला जिना बसवत असताना मामा एकटेच शेडमध्ये सापडले. पट्ट्याच्या अलीकडं. रेडिओ चालू. खरखर बारीक होती. नशीब.

त्यानं संजय वायरमनला गाठलं. आमची लाईन कायमची तोडा म्हणाला.

संजयनं वही काढून पाहिली. खंडेनवमीला बारा ते पाच अख्ख्या उत्रोलीची लाईन दुरुस्तीला बंद होती. तुझं मशीनच काय, गावात पंखासुद्धा फिरत नव्हता.

"बंद लाईन आनखी कशी बंद करू, सांग," संजय म्हणाला. "तुला माणूस पायजे, वायरमन न्हाई. कामगार खात्याला अर्ज लिव."

इंद्रजितनं लिहिला. अर्ज घेतला गेला, शिक्का बसला, आवक क्रमांक पडला. त्याला चार महिने झाले. रोज दुपारी तीनच्या सुमाराला तो हातातलं काम थांबवतो आणि कान देतो. अर्जातला मजकूर असा:

*मा. साहेब,*

*विषय : मयत कामगारासोबत बसण्यासाठी एक इसम नेमून मिळणेबाबत.*

*उपरोक्त विषयान्वये नम्र अर्ज करतो की, बंदिस्त जागेत वेल्डिंग करणाऱ्या कामगारास एकटे सोडू नये, असा सुरक्षेचा नियम आहे. आमच्या शेडमध्ये कै. चिमाजी हे बंदिस्त जागेत, वीजपुरवठा नसताना, काम करीत असून ते आता सर्व नियम पाळतात. क्लॅम्प कामाजवळ लावतात, केबली जोडीने ठेवतात व दोन टाक्यांमध्ये दहा सेकंद थांबतात. त्यांच्याविषयी तक्रार नाही. तथापि त्यांना उत्तर देणारे इसम हृदयाचे रुग्ण आहेत व ते ऐकत नाहीत.*

*तरी शासनाने दररोज दुपारी तीन ते पाच या वेळेत एक निरोगी, चहा न पिणारा इसम आमच्या शेडमध्ये नेमावा. त्याने आतून दोनदा ठोकल्यास बाहेरून दोनदा ठोकावे, इतकेच काम आहे. सदर नेमणूक कै. चिमाजी यांचे काम पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावी, ही विनंती.*